जुन्या इमारतीत सुटे फर्निचर जोडून घेताना

गिरगाव, लालबाग, दादर या भागांतील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या अनेक उपकरप्राप्त इमारतींना लिफ्ट नाही. जिने अरुंद असल्याने तयार कपाट वर चढत नाही. सुटे भाग नेऊन खोलीतच जोडावे लागतात. कारागीर बोलावण्यापूर्वी जिन्याची रुंदी, वळणावरील जागा व दाराची उंची मोजून कळवावी. कपाट आडवे जोडून उभे करताना पोटमाळा आड येतो, हेही पाहावे.

हमाली मजल्यागणिक व जोडणीची मजुरी वेगळी ठरवावी. ‘घरपोच’ म्हणजे पुष्कळदा तळमजल्यापर्यंतच असते. मजला आधी न सांगितल्यास जिन्यात वाद होतो आणि त्याचा भार ओझे वाहणाऱ्याच्या पाठीवर पडतो. जड नगासाठी दोन माणसे मागवावीत.

उंच कपाट भिंतीला जखडणे आवश्यक आहे. उघड्या खणांवर मूल चढल्यास ते कोसळू शकते. चुन्याच्या जुन्या गिलाव्यात स्क्रू टिकत नाही, म्हणून गिट्टी विटेपर्यंत पोचली पाहिजे. पार्टिकल बोर्डातील स्क्रू वारंवार काढल्यास सैल होतात. त्यामुळे कपाटाची जागा आधीच निश्चित करावी. दारे व खण तपासूनच मजुरी चुकती करावी.