टायर प्रेशरचा दिवा लागला? नेमका कोणता टायर कमी आहे ते असं शोधा

डिसेंबरमधली पहाट. सिडकोतून निघून सावंगीला समृद्धी महामार्ग पकडायचा आणि दुपारपर्यंत नागपूर, असा माझा बेत होता. गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. उतरून चारही टायर बघितले, लाथही मारून बघितली. सगळे सारखेच! गेज लावला तेव्हा कळलं, मागचा डावा २४ पीएसआय, बाकीचे ३२.

आजकालच्या रेडियल टायरची बाजू हवा बरोबर असतानाही थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे ७-८ पीएसआयचा फरक नजरेला कळत नाही.

तुमच्या गाडीत कोणती सिस्टीम आहे?

डायरेक्ट: प्रत्येक चाकाच्या आत, बहुतेक वेळा व्हॉल्व्हला जोडलेला, बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो. तो रेडिओ सिग्नलने प्रेशर कळवतो. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील तर ही सिस्टीम. मात्र टायर रोटेशननंतर पोझिशन नव्याने शिकवली नसेल, तर काही गाड्या चुकीचं चाक दाखवतात.

इनडायरेक्ट: इथे प्रेशर मोजलंच जात नाही. हवा कमी झाली की टायरची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे सेन्सर हा फरक पकडतात. बऱ्याचदा नुसता दिवा लागतो, चाक सांगितलं जात नाही. चारही टायरची हवा सारखीच उतरली, तर दिवा लागेलच असंही नाही.

दिवा आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर राहिला, तर बहुधा बिघाड सिस्टीममध्येच आहे. तरीही हवा तपासाच.

शोधायचं कसं?

१. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर योग्य प्रेशर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका.

२. गाडी किमान तीन तास उभी असताना चारही टायर एकाच गेजने मोजा. पुढच्या-मागच्या टायरचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून प्रत्येक टायर स्टिकरशी ताडून बघा.

३. रस्त्यात दिवा लागला तर टायर गरम असतात. समजा स्टिकरवर ३३ आहे आणि गेज ३६, ३६, ३१, ३६ दाखवतो. ३१ म्हणजे फक्त दोनने कमी, असं समजू नका. गरम हवेने आकडा वाढवलाय. खरी तूट पाचच्या आसपास आहे. आणि बाकीच्या गरम टायरमधली हवा सोडू नका.

४. चारही थोडे थोडे कमी असतील तर थंडी कारण असू शकते. साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की १ पीएसआय कमी होतो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत १५ अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून सकाळचा दिवा दुपारी आपोआप विझतो. तो विझला तरी हवा भरायचीच.

५. एकच टायर कमी असेल तर हवा भरा, आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. तोच उतरला तर लीक आहे. व्हॉल्व्ह, ट्रेड आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. खिळा दिसला तर स्वतः उपटू नका, पंक्चरवाल्याकडे जा.

६. इनडायरेक्ट सिस्टीम असेल तर हवा भरल्यावर मेनूमधून रीसेट करा. आधी मोजणं, मग रीसेट. उलटं केलंत तर कमी प्रेशरच "नॉर्मल" म्हणून लक्षात ठेवलं जाईल.

एवढं मनावर का घ्यायचं?

समृद्धीवर कारला ताशी १२० किमीपर्यंत परवानगी आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, तापतो आणि फुटू शकतो. शिवाय जुलै २०२० च्या नियमबदलानंतर टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि रिपेअर किट असलेल्या कारला स्टेपनी सक्तीची नाही. तुमच्या गाडीत ती आहे का, हेही आजच बघून घ्या.

माझ्या टायरमध्ये बारीक खिळा निघाला. निघायला तासभर उशीर झाला, पण शहरातच.