बिटमास्कची तपासणी: लिनक्स कर्नलमधील एका शिस्तीचा इतिहास

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, हार्डवेअरशी मुख्यत्वे रजिस्टरांमार्फत, म्हणजे हार्डवेअरमधील छोट्या साठवण-जागांमार्फत, व्यवहार करतो. एकाच रजिस्टरमधले काही बिट वेग ठरवतात, तर काही बिघाडाची खूण दाखवतात. म्हणून हवे तेवढेच बिट वेगळे काढण्यासाठी त्या जागी १ आणि इतरत्र ० असलेली संख्या, म्हणजे बिटमास्क, वापरली जाते. सी भाषेतील बिट-फील्डची, म्हणजे रचनेतल्या घटकाला ठरावीक बिटांची रुंदी देण्याची, सोय यासाठी अपुरी पडली, कारण बिटांची मांडणी कोणत्या टोकाकडून करायची हे भाषेच्या प्रमाणकाने कंपायलरवर सोपवले होते. त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे एखादे हार्डवेअर हाताळणारा कोड, लिहिणारे मास्कचे आकडे हातानेच लिहीत राहिले.

दोन वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी आपापल्यापुरता केलेला ‘जेनमास्क’ हा मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वी ठरावीक मजकुरात उलगडणारे संक्षिप्त नाव, २०१३ साली लिनक्सच्या सामायिक भागात आला. त्याला आधी वरचा आणि नंतर खालचा बिटक्रमांक द्यायचा असतो. क्रमांक शून्यापासून मोजले जात असल्याने (५, ३) दिल्यावर ५६ ही संख्या मिळते. मात्र तेच आकडे (३, ५) असे उलटे पडले, तर पुढे रूढ झालेल्या सूत्रानुसार उत्तर शून्य येते आणि कोणतीही तक्रार न होता तो मास्क निकामी ठरतो. अशा उलट्या नोंदी २०१९ साली अनेक ड्रायव्हरांत सापडल्या, आणि २०२० मध्ये कंपाइल होतानाच त्या अडवणारी तपासणी या मॅक्रोत घालण्यात आली.

या तपासणीची तेव्हाची युक्ती अशी होती, की चूक असल्यास उणे एक बिट रुंदीचे बिट-फील्ड असलेली रचना घोषित होई आणि कंपायलर ती नाकारी; चूक नसल्यास रुंदी शून्य राही, त्या रचनेचा आकारही शून्य भरे आणि मूळ मास्कमध्ये शून्य मिळवल्याने काहीच बदलत नसे. ज्या बिट-फील्डला हार्डवेअरच्या कामात थारा मिळाला नाही, ते येथे केवळ पहाऱ्यासाठी उपयोगी पडले.

रुंदीचा प्रश्न तरीही उरला. मूळ मॅक्रोचे उत्तर ‘अनसाइन्ड लाँग’ प्रकाराचे असते आणि लिनक्समध्ये त्याची रुंदी यंत्रानुसार ३२ किंवा ६४ बिट असते. म्हणून १६ बिटांच्या रजिस्टरसाठी विसावा बिट मागितला तरी मॅक्रोला त्यात वावगे दिसत नसे. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरने ३२ बिटांपुरते तपासणीयुक्त मॅक्रो आधीच केले होते. ८, १६, ३२ आणि ६४ बिटांचे सर्वसाधारण मॅक्रो २०२५ मध्ये, ६.१६ या आवृत्तीत आले.

ही तपासणी कंपाइल होताना माहीत असलेल्या आकड्यांनाच लागू पडते. रुंदीत बसणारा, पण हार्डवेअरच्या माहितीपुस्तिकेतून चुकीचा उतरवलेला क्रमांक ती ओळखू शकत नाही. तेवढी जबाबदारी आजही ड्रायव्हर लिहिणाऱ्यावरच राहते.