विजेता नसलेली शर्यत

परोपकारार्थ वर्गणी जमविण्याची चाल जितकी पुरातन आहे, तितकी त्यासाठी रस्त्यावरून धावण्याची चाल पुरातन नाही. आणि आज अनेक देशांतील नगरांतून दरसाल भरणाऱ्या अशा धावांचा उगम शोधू जाता, त्याचा एक ठळक प्रवाह कॅनडातील टेरी फॉक्स या 21 वर्षांच्या तरुणापाशी येऊन पोहोचतो.

28 जुलै 1958 रोजी विनिपेग येथे जन्मलेल्या आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वाढलेल्या टेरीच्या उजव्या गुडघ्यात 1977 साली अस्थिकर्करोग आढळला व तो पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्यावरील एक लेख त्याच्या प्रशिक्षकाने त्याला आणून दिला, आणि तेथे धावण्याच्या इराद्याचे बीज पडले. परंतु त्या इराद्याला परोपकाराचे अधिष्ठान लाभले ते पुढील उपचारांच्या काळात, जेव्हा त्याच्याहून लहान मुलांच्या वेदना त्याने जवळून पाहिल्या, आणि दोनच वर्षांपूर्वी ज्या रोगातून वाचण्याची आशा शेकडा 15 होती ती आता 50 वर आली आहे असे वैद्यांनी त्यास सांगितले. आपले आयुष्य हे संशोधनाचे देणे आहे, ही जाणीव त्याच्या ठायी तेव्हापासून वसली.

त्या काळचा कृत्रिम पाय चालण्याकरिता घडविलेला होता, धावण्याकरिता नव्हे. त्यातील स्प्रिंग पूर्वस्थितीला येईतो डाव्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे, आणि त्यामुळे त्या धडधाकट पायावर अधिक भार पडे. 1979 साली प्रिन्स जॉर्ज येथील 27 किलोमीटरच्या शर्यतीत तो सर्वांच्या मागून आला. तथापि त्यानंतर अल्पावधीतच संपूर्ण देश ओलांडण्याची तजवीज त्याने आरंभिली.

12 एप्रिल 1980 रोजी सेंट जॉन्स येथे अटलांटिकच्या जलात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला, आणि दररोज सुमारे 42 किलोमीटर अशी मजल दरमजल करीत पश्चिमेकडे सरकू लागला. छाटलेल्या पायाच्या टोकाला गळवे आली, त्यांतून रक्त वाहिले; पुढे घोट्याची वेदना हटेना, तेव्हा हाड तडकले असावे अशी शंका मनात असूनही तो आणखी 3 दिवस धावला, आणि ती केवळ स्नायुबंधाची सूज आहे असे निदान होताच पुन्हा मार्गस्थ झाला. 1 सप्टेंबर रोजी थंडर बे नगराजवळ मात्र, 143 दिवसांत 5,373 किलोमीटर अंतर कापल्यावर, कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. 28 जून 1981 रोजी त्याचे निधन झाले.

कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. फेब्रुवारी 1981 पर्यंत 2 कोटी 41 लाखांहून अधिक डॉलर जमा होऊन ती त्याच्या हयातीतच पुरी झाली. कर्करोगाने पुत्र गमावलेले हॉटेल-व्यावसायिक इसाडोर शार्प यांनी दरसाल अशी धाव भरविण्याचा प्रस्ताव मांडला. टेरीने स्वतःच्या नावावर कोणत्याही मालाची जाहिरात होऊ दिली नव्हती. या धावेतही स्पर्धा नसावी, विजेता नसावा, पारितोषिक नसावे, अशी त्याची इच्छा होती. सप्टेंबर 1981 मधील पहिल्या धावेत सुमारे 3 लाख लोक उतरले व 35 लाख डॉलर जमले. पुढे ही प्रथा देशोदेशी गेली. मुंबईतही त्याच्या नावाने धाव भरली.

शर्यतीतून विजेता वगळला की उरते काय, याचे उत्तर या प्रथेच्या इतिहासात आहे. ज्याला वेगाने धावता येते तो, ज्याला लंगडत चालावे लागते तो आणि ज्याला चाकांच्या खुर्चीतून ढकलीत न्यावे लागते तो, हे तिघेही तेथे एकाच अधिकाराने उभे असतात. धर्मादाय धावांना आज बड्या पेढ्यांचा आश्रय व नामफलकांचा थाट लाभतो, आणि त्यायोगे निधीही वाढतो. परंतु अशा प्रत्येक धावेची थोरवी अखेर एकाच कसोटीवर ठरावी: तिच्यात सर्वांत मागे राहणाऱ्यालाही पहिल्याइतकेच स्थान आहे की नाही.