सरसेनापती बापू गोखले

देवालयाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा देवाबरोबरच पूर्वजांचेही स्मरण होते. अशा मंगल प्रसंगी, राज्य बुडत असताना अखेरपर्यंत उभे राहिलेल्या एका सेनानीची हकीगत गावातील तरुण पिढीस माहीत असणे इष्ट होय.

बापूंचे मूळ नाव नरहर गणेश गोखले. घराणे कोकणातले. चुलते धोंडोपंत गोखले पेशव्यांचे सरदार होते. त्यांच्या हाताखाली बापू शिपाईगिरी शिकले. इ. स. १८०० मध्ये कर्नाटकात धोंडजी वाघाशी झालेल्या लढाईत धोंडोपंत पडले आणि पथकाची जबाबदारी बापूंवर आली. त्या मोहिमेत इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली हा मराठ्यांचा सोबती होता. १८०३ च्या युद्धातही बापू इंग्रजांच्या बाजूनेच लढले, कारण १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी तैनाती फौज पत्करली होती. इंग्रजांची कवायत, त्यांच्या तोफा व त्यांचे डावपेच बापूंनी असे जवळून पाहिले. पुढे ज्यांच्याशी झुंजायचे, त्यांचे बळ ते पुरते ओळखून होते.

१८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि पुणे दरबार व रेसिडेंट एल्फिन्स्टन यांच्यातील वितुष्ट वाढले. जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्यांना मुलूख व किल्ले सोडावे लागले. तेव्हा बाजीरावांनी युद्धाची गुप्त तयारी चालविली व फौजेची मदार बापूंवर टाकली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीवर रणशिंग वाजले. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. ऐनवेळी त्यांचे मन कचरले व पहिली तोफ आपण डागू नये, असा निरोप त्यांनी पाठविला. निरोप्या येतो आहे असे कळताच बापूंनी त्यातील मजकूर ताडला आणि तो पोहोचण्यापूर्वीच तोफांना बत्ती दिली, असे ग्रँट डफने लिहिले आहे. त्या दिवशी संगमावरील रेसिडेंटचा बंगला जळाला. परंतु मराठी घोडदळाचा हल्ला वाटेतील दलदलीत फसला. मोर दीक्षित धारातीर्थी पडले. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले.

त्यानंतर सुरू झाली ती पेशव्यांची पळापळ. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनाही बाजीरावांनी बरोबर घेतले होते. मागे जनरल स्मिथ लागला होता. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे त्याने छावणी अवचित गाठली. शत्रू इतका जवळ येईपर्यंत गाफील कसे राहिलात, असा टोमणा बाजीरावांनी बापूंना मारला. आपली पिछाडी सांभाळली जाईल, श्रीमंतांनी निश्चिंत असावे, अशा आशयाचे उत्तर देऊन बापू वळले. त्यांनी काहीशे स्वारांनिशी इंग्रजी घोडदळावर चाल केली. त्यात जनरल स्मिथही जखमी झाला. बापू तेथेच वीरगतीस गेले. तेवढ्या अवधीत बाजीराव निसटले. छत्रपती इंग्रजांच्या ताब्यात आले.

पुढे ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले व सालीना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरास जाऊन राहिले. ज्या धन्यासाठी बापूंनी प्राण वेचले, त्याने शस्त्र खाली ठेवले. म्हणून बापूंचे बलिदान व्यर्थ गेले काय? राज्य वाचले नाही हे खरे. पण शब्द दिला तो त्यांनी पाळला. धन्याची योग्यता पाहून त्यांनी आपले कर्तव्य कमीजास्त केले नाही.

या स्वामिनिष्ठ वीरास विनम्र अभिवादन!