२४ रुग्णांवर उभा राहिलेला नियम

साकीनाक्यात कुणालाही रिफाम्पिसिन म्हटलं, की टीबी आठवतो. लघवी नारिंगी करणारं तेच औषध. पण हाडातल्या प्लेटवर किंवा कृत्रिम सांध्यावर स्टॅफिलोकोकसची बायोफिल्म जमली, तरी डॉक्टर हेच देतात, तेही दुसऱ्या अँटिबायोटिकच्या जोडीनेच. ही जोडी आली कुठून?

बायोफिल्म म्हणजे धातूला चिकटलेल्या जीवाणूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर. आत त्यांची वाढ मंदावते आणि बरीचशी अँटिबायोटिक्स तर वाढणाऱ्या जीवाणूंवरच नीट चालतात. १९८२ मध्ये मॅरी आणि कॉस्टरटन यांच्या गटाने पेसमेकरच्या वायरवरचा असा थर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवला. रिफाम्पिसिन या सुस्त स्टॅफिलोकोकसलाही मारतं. मात्र एकट्या म्युटेशननेही जीवाणू त्याला दाद देईनासे होतात. टीबीत ते एकटं देत नाहीत, तेही याचसाठी.

१९९८ मध्ये स्वित्झर्लंडच्या झिमर्ली यांच्या गटाने ३३ रुग्णांवरची चाचणी छापली. इम्प्लांट न काढता जखम साफ करून उपचार. शेवटपर्यंत टिकलेल्या २४ जणांत सिप्रोफ्लॉक्सासिन-रिफाम्पिसिन घेणारे १२ पैकी १२ बरे झाले, रिफाम्पिसिनशिवायचे १२ पैकी ७. जगभरच्या उपचारपद्धतीत ही जोडी रुजली. पण पेपर वाचताना मधेच गळालेले ९ जण विसरू नका! १०० टक्के हा आकडा त्यांना वगळून येतो.

२०२० मध्ये नॉर्वेची चाचणी आली, कृत्रिम सांध्यांच्या संसर्गावरची. रिफाम्पिसिनसह २३ पैकी १७ बरे, त्याच्याशिवाय २५ पैकी १८. फरक जवळपास नाहीच. मग झिमर्ली चुकले का? मला तसं वाटत नाही. नॉर्वेत जोडीदार औषध क्लॉक्सासिलिन किंवा व्हँकोमायसिन होतं, सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हे. दोन्ही चाचण्या लहान, आणि प्रश्नही तंतोतंत एक नाही.

मुंबईत आणखी एक पेच आहे. सांध्यातला संसर्ग इथे टीबीचाही निघू शकतो, आणि या जोडीतली दोन्ही औषधं टीबीच्या जंतूवर काम करतात. निदान न करता सुरू केली, तर टीबी अर्धवट दबतो आणि औषधांना दाद न देणारा जंतू तयार होऊ शकतो. डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलेल्या सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे ४ रुग्ण नोंदवले होते. म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा टीबीच्या तपासणीलाही पाठवायचा, आणि तोही पहिल्या कॅप्सूलच्या आधी.