कडबा कुट्टीचे जड चाक आणि २ एचपीची मोटार : सुरू होतानाचा भार समजून घ्या

लहान गोठ्यात बहुतेक वेळा २ एचपीच्या सिंगल फेज मोटारीवर चालणारे कडबा कुट्टी यंत्र असते. मोटार जळाली की दोष जाड चाऱ्याला दिला जातो. बऱ्याच वेळा मात्र नुकसान चारा घालण्याआधी, म्हणजे बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत झालेले असते. त्याचे कारण यंत्राच्या चाकात आहे.

चाक जड का ठेवतात?

थांबलेली वस्तू हलायला आणि हलती वस्तू थांबायला विरोध करते, याला आपण जडत्व म्हणतो. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व दोन गोष्टींवर ठरते : वजन किती आहे आणि ते आसापासून किती दूर आहे. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण अंतराचा वर्ग होतो. वजन तेवढेच ठेवून चाकाची कड ३० सेंटिमीटरवरून ३६ सेंटिमीटरवर नेली, तर जडत्व ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच या चाकाचे बहुतेक वजन कडेला असते.

उदाहरण म्हणून ४० किलोची कड आणि ३० सेंटिमीटर त्रिज्या धरू. असे चाक मिनिटाला ३०० फेरे घेते, तेव्हा त्यात सुमारे १८०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ५० किलोची गोणी साडेतीन मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून खाली पडावी, एवढी ही ऊर्जा आहे.

पाते मक्याच्या किंवा नेपिअरच्या जाड पेंढीवर बसते त्या क्षणी ही साठवण कामी येते. चाकाचा वेग ३०० वरून २९० फेऱ्यांवर उतरला, तर सुमारे ११५ ज्यूल मोकळे होतात. हे सेकंदाच्या दहाव्या भागात घडले, तर तेवढ्या वेळापुरती १५०० वॅटच्या मोटारीला जवळपास ११५० वॅटची जोड मिळते. त्यामुळे लहान मोटारीवरही जाड चारा कापला जातो आणि यंत्र धक्के न खाता चालते.

ही मदत उसनी असते. पुढचा काप येण्याआधी मोटारीला ती परत भरून द्यावी लागते. पेंढ्या सलग कोंबत राहिल्या, तर चाक दर फेऱ्याला मंद होत जाते आणि सगळा भार मोटारीवर येतो. जड चाक लावले म्हणजे मोटारीची ताकद वाढली, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे.

सुरू होताना काय घडते?

साठलेली सगळी ऊर्जा सुरुवातीला मोटारीनेच दिलेली असते. चाक पूर्ण वेगावर येईपर्यंत मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. इंडक्शन मोटारीचा एक गुणधर्म लक्षात ठेवावा : चाकात जेवढी ऊर्जा जाते, निदान तेवढीच उष्णता रोटरमध्ये तयार होते. तारांच्या वाइंडिंगमधली उष्णता त्याहून वेगळी. एकदा सुरू केल्याने बिघडत नाही. पण पाच-सहा वेळा लागोपाठ चालू-बंद केले की उष्णता साचत जाते.

कपॅसिटर-स्टार्ट मोटारीत आणखी एक नाजूक भाग असतो. तिची सुरुवातीची वाइंडिंग आणि कपॅसिटर (गावात ज्याला कंडेन्सर म्हणतात) काही सेकंदांपुरतेच काम करण्यासाठी बनवलेले असतात. मोटार साधारण पाऊण वेगावर आली की आतला स्विच ‘टक्’ असा आवाज करून त्यांना बाजूला करतो. चाक हळू वेग घेत असेल, तर हा ‘टक्’ उशिरा येतो. मोटार आधी इथेच जळते.

विजेचा दाब कमी असेल तर

मोटारीचा पिळाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. बेअरिंग, पट्टा आणि रोलर यांचे घर्षण मात्र तेवढेच राहते. वरच्या उदाहरणात २३० व्होल्टला सरासरी जोर १० न्यूटन-मीटर आणि घर्षण २ धरले, तर चाक सुमारे ३ सेकंदांत वेग घेते. १८० व्होल्टला जोर सहाच्या आसपास राहतो. त्यातून घर्षण वजा केले की हाती चार उरतात आणि वेळ पावणेसहा सेकंद होतो. म्हणजे व्होल्टेज जेमतेम पाचव्या हिश्शाने घटले, तरी वेळ जवळजवळ दुप्पट झाला.

व्होल्टेज मीटरपाशी मोजून उपयोग नाही. ते मोटारीच्या टर्मिनलवर आणि मोटार सुरू होत असतानाच मोजावे. हे काम जाणकार वायरमनकडून करून घ्यावे. घरापासून गोठा ३० मीटरवर असेल आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली असेल, तर ५० अँपिअरच्या सुरुवातीच्या करंटला वायरमध्येच सुमारे ३६ व्होल्ट खर्च होतात. मोटार चालू झाल्यावर करंट १० अँपिअरच्या आसपास येतो, घट ७ व्होल्टवर जाते आणि सगळे ठीक दिसते. हाच दोष सहसा सुटून जातो. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुरुवातीची घट १४ व्होल्टपर्यंत राहते. मोटार एकदा रिवाइंड करून घेण्यापेक्षा जाड वायरवर केलेला खर्च कधीही चांगला.

पुली बदलण्याचा मोह

मोटारीवर ३ इंचाची आणि यंत्रावर १४ इंचाची पुली असेल, तर १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर चाक सुमारे ३०० फेरे घेते. कुट्टी लवकर व्हावी म्हणून काही जण मोटारीवर ४ इंचाची पुली बसवतात. फेरे ४१० च्या आसपास जातात, म्हणजे एक तृतीयांशाने वाढतात. पण चाकात भरायची ऊर्जा पावणेदोन पटीहून थोडी जास्त होते. सुरू व्हायला लागणारा वेळही त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय कापतानाचा भार वाढतो तो वेगळाच. यंत्राच्या माहितीपत्रकात जे फेरे दिले असतील, त्यापुढे जाऊ नये.

पट्टा मुद्दाम सैल ठेवला की मोटार हलकी सुरू होते, असेही काही जण सांगतात. ते खरे आहे, पण ती उष्णता पट्ट्यात जाते. पट्टा चकाकतो, घसरू लागतो आणि ऐन कापण्याच्या वेळी जोर पोहोचत नाही.

गोठ्यातच करता येणारी तपासणी

यंत्र रिकामे असताना सुरू करावे आणि चाकाने पूर्ण वेग घेईपर्यंत सेकंद मोजून भिंतीवर लिहून ठेवावे. महिन्याने पुन्हा मोजावे. वेळ वाढला असेल, तर वीज बंद करून पट्टा काढावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. हात पात्यांपासून लांब, कडेवर ठेवावा. चाक अडखळत असेल, तर बेअरिंगचे ग्रीस किंवा पाते घासण्याचा दोष आहे. चाक मोकळे फिरत असेल, तर कपॅसिटर आणि व्होल्टेज तपासून घ्यावे. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, असे झाल्यास लगेच बटण बंद करावे. चाकाला हाताने धक्का देऊन सुरू करण्याची सवय अत्यंत धोक्याची आहे.

चारा तोंडात अडकलेला असताना बटण दाबू नये. लोडशेडिंगच्या काळात वीज अचानक जाते आणि पेंढी अर्धवट कापलेली राहते. अशा वेळी आधी बटण बंद करावे, मग चारा काढावा. विहिरीच्या पंपासारखा ऑटो स्टार्टर कुट्टी यंत्राला कधीही लावू नये. वीज आली तेव्हा कोणाचा तरी हात आत असू शकतो.

बटण बंद केल्यावरही चाकातली ऊर्जा लगेच जात नाही. वरच्या उदाहरणातले चाक घर्षणावर थांबायला दहा-बारा सेकंद घेते आणि बेअरिंग चांगली असतील तर त्याहून जास्त. तेवढा वेळ पात्यांची धार तशीच फिरत असते. चाक डोळ्यांनी पूर्ण थांबलेले दिसल्याशिवाय यंत्राच्या तोंडात हात घालू नये आणि लहान मुलांना या जागेजवळ येऊ देऊ नये.