शिशाचा रस आणि यंत्राचा साचा

विद्युत्-संचायकाचा, म्हणजे लोकव्यवहारात ज्यास बॅटरी म्हणतात त्या साधनाचा, इतिहास बहुधा रसायनशास्त्राच्या अंगाने सांगितला जातो. परंतु ह्या साधनाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो प्रयोगशाळेत घडला नसून ओतशाळेत घडला आहे. वितळलेले शिसे भट्टीतून साच्यापर्यंत कसे न्यावयाचे, हा त्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. प्रश्न दिसावयास लहान. तथापि बॅटरीचे आयुष्य आणि ती घडविणाऱ्या कामगाराचे आरोग्य ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून होत्या.

१८५९ साली गास्ताँ प्लान्ते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पातळ पत्रे एकत्र गुंडाळून ते सौम्य गंधकाम्लात बुडविले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येईल असा पहिला घट सिद्ध केला. त्यात ओतकामास फारसे स्थान नव्हते. पुढे कामीय फोर ह्याने १८८१ च्या सुमारास शिशाच्या पत्र्यावर शेंदराचा लेप देऊन घटाची क्षमता पुष्कळ वाढविली. आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीस जो शेंदूर चर्चितात, तोच हा शिशाचा तांबडा भस्मप्रकार. परंतु सपाट पत्र्यावर हा लेप टिकेना. तो सुटून तळाशी साचे. त्याच १८८१ साली फोल्कमार, स्वान आणि सेलन ह्यांनी निरनिराळ्या वाटांनी ह्या अडचणीवर तोडगा काढला. पत्र्याऐवजी जाळी वापरावी आणि तिच्या घरांत लेप भरावा, ही पहिली कल्पना. नुसत्या शिशाऐवजी अँटिमनीमिश्रित शिसे घेतल्यास ती जाळी ताठ राहते, ही दुसरी. येथून पुढे विजेच्या ह्या धंद्यात ओतारी अपरिहार्य झाला.

जाळी ओतणे हे घंटा किंवा समई ओतण्याइतके सरळ काम नव्हे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, आणि अँटिमनीच्या मिश्रणाने घट्ट होण्याचा बिंदू आणखी खाली येतो. म्हणजे वितळविणे सोपे; अडचण निराळीच आहे. जाळीच्या काड्या इतक्या बारीक असतात की रस साच्याच्या खालच्या कोपऱ्यास पोचण्यापूर्वीच वाटेत गोठू पाहतो. तो गोठू नये म्हणून लोखंडी साच्यास आतून बुचाच्या बारीक भुकटीचा लेप देत, जेणेकरून उष्णता हळूहळू निघून जावी. रस अधिक तापवावा, तर त्यावर मळ जास्त धरतो आणि साचा उघडण्यास विलंब लागतो. कमी तापवावा, तर काड्या अपुऱ्या राहतात. ज्या जाळीत एखादी काडी अर्धवट भरली असेल, तिला आम्ल तेथेच प्रथम खाते.

आरंभी हे सारे काम पळीने होई. ओतारी कढईवरील मळ बाजूस सारी, पळीभर रस घेई आणि दोन भागांच्या साच्यात ओती. एक लिटर मावेल एवढ्या भांड्यात शिशाचा रस दहा किलोग्रॅमहून अधिक भरतो. त्यावरून ह्या कामातील श्रमाची कल्पना यावी. शिवाय कढईपासून साच्यापर्यंतच्या चार पावलांत रस निवे, पळीबरोबर मळाचा अंश येई आणि दोन ओतण्यांचे प्रमाण क्वचितच सारखे पडे. हात कितीही कसलेला असला, तरी दिवसाच्या अखेरीस तो सकाळचा हात राहत नाही.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग ह्याने सिद्ध केलेला विद्युत्-आरंभक बसविण्यात आला. त्यानंतर मोटार तेथे बॅटरी हे समीकरण रूढ होत गेले, आणि एकेका बॅटरीस पुष्कळ जाळ्या लागत असल्याने पळीचे ओतकाम मागे पडून यंत्रे पुढे आली. ह्या यंत्रांत साचा मिटणे, उघडणे आणि जाळी बाहेर टाकणे ह्या हालचाली सहज साधल्या; कठीण पडले ते रस पुरविणे. त्याची रीत पुढे अशी स्थिरावली: कढई यंत्राशेजारी ठेवावयाची, पंप रसात बुडवून तळाकडचे स्वच्छ शिसे घ्यावयाचे, म्हणजे वरचा मळ वरच राहतो, तो रस अखंड तापत्या नळीतून न्यावयाचा, आणि साच्याच्या रुंदीभर छिद्रे असलेल्या पन्हळीतून एकाच वेळी सर्वत्र सोडावयाचा. नळीचा वीतभर भाग जरी निवला, तरी तेथे शिसे गोठून सारे यंत्र खोळंबते. जाळीचे कापलेले काठ पुन्हा कढईत जातात, तेव्हा त्या थंड तुकड्यांनी रसाची उष्णता उतरू नये ह्याचीही दक्षता घ्यावी लागते.

यंत्राने जाळी एकसारखी केली. पण कामगाराचे रक्षण केले काय? ओतण्याच्या उष्णतेला शिशाची वाफ थोडीच निघते. खरे भय त्या राखाडी मळाचे असते. तो काढताना त्याची सूक्ष्म धूळ उडते, श्वासावाटे आणि अन्नावाटे शरीरात जाते व तेथे साचत राहते. पोटातील कळा, रक्तक्षय, मनगट लुळे पडणे ही तिची फळे होत. यंत्र आले तसे उत्पादन वाढले, कढया मोठ्या झाल्या आणि मळही वाढला. म्हणजे पळी हातातून गेली, तरी विष तेथेच राहिले.

ते दूर करण्याचे श्रेय कायद्याकडे आणि काही चिकाटीच्या वैद्यांकडे जाते. ब्रिटनमध्ये १८९५ साली शिशाची विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक झाले आणि १९०३ साली संचायकांच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र नियम झाले. १८९८ पासून कारखान्यांचा वैद्यकीय निरीक्षक असलेला टॉमस लेग ह्याची भूमिका अशी होती की, मालकाने आपले कर्तव्य पूर्णपणे केल्यावाचून कामगाराला स्वतःचे रक्षण करणे जवळजवळ अशक्य असते. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन ह्या विदुषीने बॅटरीच्या कारखान्यांतील विषबाधेची पाहणी केली. तिचा अहवाल १९१४ साली प्रसिद्ध झाला. कढईवरील आच्छादन, धूळ ओढून नेणारा पंखा, जेवणापूर्वी हात धुण्याची सोय आणि नियमित वैद्यकीय तपासणी हे उपाय यंत्राइतके नवलाचे नव्हते. पण त्यांच्यावाचून यंत्र अपुरे होते.

१९३५ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हॅरिंग आणि टॉमस ह्यांनी अँटिमनीऐवजी कॅल्शियम मिसळलेल्या शिशाच्या जाळीचे वर्णन केले. अशा जाळीच्या बॅटरीत पाणी फार कमी आटते. मात्र कॅल्शियम हवेच्या स्पर्शाने चटकन जळून मळात जाते. म्हणून त्यात किंचित् ॲल्युमिनियम घालावे लागते, आणि रसाचा हवेशी संबंध शक्य तितका टाळावा लागतो. कढई झाकावी असे वैद्य पूर्वीपासून सांगत होते. आता धातूनेही तेच सांगितले.

भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आणि पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने शिशाच्या विषबाधेची दखल घेतली. त्याच सुमारास बंगालमधील श्यामनगर येथे बॅटरीचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १९६९ साली पुण्याजवळच्या चिंचवड येथे त्याच उद्योगाचा दुसरा कारखाना निघाला. निकामी बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीसाठी २००१ साली नियम झाले. त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली. तरीही वस्तीच्या आडोशाला चालणाऱ्या छोट्या भट्ट्यांत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे आजही उघड्या कढईत वितळवितात आणि पळीने ओततात. मोठ्या कारखान्यांतील झाकलेली कढई आणि ह्या भट्टीवरील उघडी कढई ह्यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. आणि तेच शिसे एकीतून दुसरीत जात असते. ते अंतर तोडण्याचे ज्ञान कधीच सिद्ध झाले आहे. उरले आहे ते त्या आडोशापर्यंत पोचविण्याचे काम.